न उपटलेलं गवत

इसवी सन २००च्या आसपास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात ‘मगिल्ला’ नावाचं एक प्रकरण आहे. त्यात एक फारच व्यवहारी प्रश्न चर्चेला घेतला आहे : गावाला आपलं सिनेगॉग विकायचं असेल, तर विकता येतं का? कुठल्याही धर्मग्रंथाकडून आपण अपेक्षा करू तसं ‘छे, पाप!’ असं उत्तर तिथे मिळत नाही. रब्बी आपापसांत वाद घालतात. एक म्हणतो, विका, पण परत घेता येईल अशा अटीवर विका. दुसरे म्हणतात, कायमचं विकलं तरी चालेल, फक्त चार गोष्टींसाठी विकू नका : स्नानगृह, कातडी कमावायचा कारखाना, विधिस्नानाचं कुंड आणि चौथी एक जागा. या चौथ्या शब्दाचा अर्थ कुणी मुतारी असा लावतात, कुणी धोबीखाना असा. तिसरा रब्बी सगळ्यांहून मोकळा. तो म्हणतो, मोकळं अंगण म्हणून विका, मग घेणारा त्याचं काय हवं ते करो.

लगेच पुढे पडक्या सिनेगॉगबद्दलचा नियम येतो. सिनेगॉग ओसाड पडलं तरी त्याचं पावित्र्य संपत नाही. तिथे दोर वळत बसू नये, जाळी पसरू नयेत, छपरावर फळं वाळत घालू नयेत, पलीकडे जायचा जवळचा रस्ता म्हणून त्यातून ये-जा करू नये. आणि आत गवत उगवलं, तर ते उपटू नये. का, तर बघणाऱ्याला वाईट वाटावं म्हणून.

हा शेवटचा नियम गेली दोन-तीन वर्षं माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे. मी ज्यू नाही, धर्मशास्त्राची अभ्यासक नाही, इमारतींचीही नाही. मी सॉफ्टवेअर तपासते आणि पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात राहते. पण या देशात राहायचं म्हणजे रिकाम्या सिनेगॉगांच्या शेजारी राहायचं. आणि शेजार आला की प्रश्न येतातच.

*

पहिला प्रश्न पोझ्नानमध्ये पडला. व्रोत्सवाफहून रेल्वेने दोनेक तासांवरचं शहर, आमचं एक ऑफिस तिथे आहे. जुन्या बाजार-चौकाच्या उत्तरेला व्रोनिएत्स्का रस्ता जिथे संपतो तिथे एक अवाढव्य, बोजड, राखाडी इमारत उभी आहे. शहर प्रशियात होतं आणि त्याला पोझेन म्हणत, तेव्हा १९०७ साली बांधून झालेलं हे सिनेगॉग. बर्लिनचे वास्तुरचनाकार, वर तांब्याने मढवलेला घुमट, आत हजाराहून जास्त माणसं बसतील एवढी जागा. १९४० साली नाझींनी घुमटावरचा तारा उतरवला, मग घुमटच उतरवला, आणि आतल्या प्रार्थनेच्या दालनात जर्मन सैनिकांसाठी पोहण्याचा तलाव बांधला.

इथपर्यंतची गोष्ट भयंकर असली तरी अनपेक्षित नाही. पुढची आहे. युद्ध संपलं, नाझी गेले, आणि तलाव चालूच राहिला. पालिकेचा तलाव म्हणून २०११पर्यंत. पोझ्नानमधल्या दोन-तीन पिढ्या तिथे पोहायला शिकल्या. शाळा मुलांच्या रांगा घेऊन तिथे येत. आमच्या तिथल्या ऑफिसातला एक सहकारी त्यातलाच. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “क्लोरीनचा वास आठवतो आणि गार फरशी आठवते. बाकी काही कुणी सांगितलं नव्हतं.” मग थोडं थांबून म्हणाला, “विचारलंही नव्हतं.”

मिश्नातल्या त्या चार निषिद्ध गोष्टींत पहिलंच नाव स्नानगृहाचं आहे. हे नाझींना माहीत होतं का, याच्या खोलात मला जायचं नाही. अपमान करायला ग्रंथ वाचावे लागत नाहीत. २००३ साली राफाउ याकुबोविच या चित्रकाराने त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर प्रकाशाने दोन हिब्रू शब्द उमटवले. त्यांचा अर्थ होता फक्त ‘जलतरण तलाव’. बस, एवढंच. खोटं काही नाही, आरोप नाही, घोषणा नाही. इमारतीवरची पाटीच तिच्या पहिल्या मालकांच्या भाषेत लिहून दाखवली.

तोवर इमारत परत मिळालेली होती. पोलंडमध्ये १९९७ साली कायदा झाला आणि युद्धापूर्वी ज्यू समाजाच्या मालकीच्या असलेल्या सिनेगॉग, स्मशानं वगैरे वास्तू परत मागण्याची सोय झाली. पोझ्नानची इमारत २००२ साली परत आली. कुणाकडे? युद्धाआधीच्या समाजाचा मागमूस नसलेल्या शहरातल्या मूठभर माणसांकडे. एवढ्या मोठ्या इमारतीचं छप्पर शाकारायचं म्हटलं तरी त्यांच्या अनेक वर्षांची वर्गणी पुरायची नाही. न्याय मिळाला, आणि न्यायाबरोबर त्याच्या देखभालीचा खर्चही मिळाला. मग विकायचं, की हॉटेल होऊ द्यायचं, की पाडायचं, यावर वर्षानुवर्षं बोलणी होत राहिली. बाहेरून आलेला माणूस पटकन म्हणतो, “हॉटेल? शोभतं का?” पण ज्यांच्याकडे ती इमारत परत आली त्यांना चार ठिकाणची स्मशानंही राखायची असतात. पावसाळ्यात गळणारी वडिलोपार्जित वास्तू ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

*

युरोपभरच्या सिनेगॉगांची मोजदाद अलीकडच्या काळात झाली. दुसऱ्या महायुद्धाआधी सुमारे १७ हजार सिनेगॉग असावीत असा अंदाज. आज इमारतीच्या रूपात उभी आहेत ती ३,३००च्या आसपास. आणि त्यांतही प्रार्थनेसाठी वापरली जातात ती चौथ्या हिश्शाहूनही कमी. उरलेल्या इमारती आहेत, पण त्या दुसरंच काहीतरी आहेत. ग्रंथालय, संगीतशाळा, चित्रदालन, गोदाम, अग्निशमन केंद्र, राहती घरं, चर्च, मशीद, कॅफे. काही म्हणजे नुसत्या चार भिंती, आत झाडं.

इथे एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली आणि तेव्हापासून मी अशा इमारतींकडे जरा वेगळ्या नजरेने बघते. जी वाचली, ती का वाचली? नोव्हेंबर १९३८मधल्या त्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग पेटवली गेली, तेव्हा आमच्या व्रोत्सवाफमध्ये – तेव्हाच्या ब्रेस्लाऊमध्ये – दोन मोठी सिनेगॉग होती. एक ‘नवं’, १८७२ साली बांधलेलं, बर्लिनच्या खालोखाल जर्मनीतलं सर्वांत मोठं. चारी बाजूंनी मोकळं, दुरून दिसावं म्हणून उंच घुमटाचं. ते जाळून जमीनदोस्त केलं. दुसरं ‘पांढरा करकोचा’, १८२९ सालचं, कार्ल फर्डिनांड लांगहान्सने बांधलेलं. (बर्लिनचं ब्रांडेनबुर्ग दार बांधणाऱ्याचा हा मुलगा.) हे सिनेगॉग एका अंगणात, घरांच्या मागे, जवळजवळ लपून उभं आहे, त्या जागी पूर्वी ‘पांढरा करकोचा’ नावाची खानावळ होती, तिचंच नाव त्याला चिकटलं. ते जाळलं नाही, कारण आग शेजारच्या घरांना लागली असती. मोडतोड केली आणि सोडून दिलं. पुढे गाड्या दुरुस्त करायला आणि ज्यूंच्या घरांतून लुटलेलं सामान ठेवायला ते उपयोगी पडलं.

म्हणजे जे डौलाने सगळ्यांसमोर उभं राहिलं ते गेलं. जे दुसऱ्यांच्या भिंतींना टेकून होतं ते राहिलं. आणि जे राहिलं ते कशामुळे, तर लुटीच्या कामाला आलं म्हणून. पोझ्नानचंही तेच. तलाव झाला नसता तर कदाचित ती इमारत आज नसतीच. गैरवापराने इमारती वाचवल्या, हे वाक्य लिहायला जड जातं, पण ते टाळून या विषयावर प्रामाणिकपणे काही बोलता येत नाही. स्पेनमध्ये हे पाचशे वर्षांपूर्वीच घडून गेलं. कोर्दोबाचं छोटं सिनेगॉग १३१५ सालचं. १४९२ साली ज्यूंना हाकलल्यावर तिथे पिसाळलेलं कुत्रं चावलेल्यांसाठी इस्पितळ झालं, पुढे ते मोच्यांच्या संघाकडे गेलं. १८८४ साली भिंतीचा गिलावा निखळून पडला आणि खालून हिब्रू अक्षरं वर आली. मोच्यांनी गिलावा केला नसता तर ती अक्षरं उरली असती का, कोण जाणे.

*

आमची मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्या शाळेच्या गायनवर्गाचा कार्यक्रम ‘पांढरा करकोचा’मध्ये ठरला. ज्यू समाजाला १९९६ साली परत मिळालेलं हे सिनेगॉग. त्याआधी सरकारच्या ताब्यात असताना या संस्थेकडून त्या संस्थेकडे जात होतं आणि दर हातबदलाला थोडं थोडं ढासळत होतं. २०१०मध्ये ते दुरुस्त होऊन उघडलं. आता तिथे प्रार्थना होतात, गाण्याचे कार्यक्रम होतात, वरच्या सज्जांमध्ये शहरातल्या ज्यूंच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे.

अंगणात टेबलं मांडलेली असतात, भोवताली कॅफे आणि बार आहेत. तालमीच्या दिवसांत मुलं आत गात आणि आम्ही पालक बाहेर कॉफी पीत बसत असू. त्याच अंगणात भिंतीवर एक फलक आहे. युद्धकाळात शहरातल्या ज्यूंना इथे आणून गोळा करत आणि इथून छळछावण्यांकडे पाठवत, असं त्यावर लिहिलं आहे. माझ्या खुर्चीतून तो फलक दिसायचा. बसायची दुसरी जागा शोधावी, असं मला वाटलं नाही. पण कॉफी मात्र लवकर संपायची.

कार्यक्रमाच्या दिवशी आत शिरताना मुलीने विचारलं, “आई, इथे टाळ्या वाजवायच्या का?”

तिला देवळात टाळ्या माहीत आहेत, आरतीच्या. चर्चमध्ये वर्गाबरोबर गेली तेव्हा तिथे कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, तेही तिच्या लक्षात होतं. मी तिला म्हटलं, बाकीचे वाजवतात का बघ. उत्तर तात्पुरतं होतं आणि ते तिलाही कळलं असावं. मुलांनी गायलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, वरच्या सज्जातून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उभं राहून वाजवल्या. ते कोण होते मला माहीत नाही. त्यांच्या डोक्यावर टोपी होती, एवढंच.

घरी येताना आमच्या मजल्यावरच्या आजी बरोबर होत्या. पोलिशमध्ये बाईंना आदराने ‘पानी’ म्हणतात. आमची मुलगी लहानपणापासून त्यांना ‘पानीआजी’ म्हणते. त्यांचं कुटुंब लव्हूफचं, म्हणजे आताच्या युक्रेनमधल्या ल्विव्हचं. १९४५ साली सीमा सरकल्या, ब्रेस्लाऊमधले जर्मन घराबाहेर काढले गेले, लव्हूफमधल्या पोलिश लोकांना तिथून निघावं लागलं, आणि त्यांतले हजारो इथे, रिकाम्या झालेल्या जर्मन घरांत येऊन राहिले. एका अख्ख्या शहराची माणसं बदलली. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या नळांवर अजून जर्मन अक्षरं आहेत. पानीआजींच्या स्वयंपाकघरातलं एक फडताळ त्यांच्या आईवडिलांना त्या घरात उभंच्या उभं मिळालेलं. तेव्हा सिनेगॉगचा आत्ताचा वापर योग्य की अयोग्य, हा प्रश्न या शहरात तिऱ्हाइताला विचारता येत नाही. इथे प्रत्येक जण कुणाच्या तरी घरात राहतो आहे. भाड्याने राहणारी मीसुद्धा.

त्यांना मी विचारलं, “तुमच्या लव्हूफच्या घरी कधी गेलात का हो परत?”

“नाही. काय करू जाऊन?” त्या म्हणाल्या. “तिथे आता कोण राहतं ते मला ठाऊक नाही. पण आईच्या खिडक्या ते पुसत असले, तर माझं काही म्हणणं नाही.”

*

खिडक्या पुसण्याची ही कसोटी मी पुढे इतर ठिकाणी लावून पाहिली.

स्लोव्हाकियातल्या झिलीना गावात पेटर बेहरेन्सने १९२८ ते ३१ या काळात बांधलेलं सिनेगॉग आहे. बेहरेन्स म्हणजे ज्याच्या कार्यालयात ग्रोपियस, मीस आणि ल कॉर्ब्युझिए यांनी उमेदवारी केली तो. सिनेगॉग म्हणून ते जेमतेम दहा-बारा वर्षं चाललं. पुढे नाट्यगृह, मग विद्यापीठाचं व्याख्यानगृह, मग चित्रपटगृह. आत खोटं छत घातल्याने घुमट दिसेनासाच झाला होता. २०११पासून गावातल्या कलाप्रेमी मंडळींनी, स्वयंसेवकांनी, देणगीदारांनी मिळून एकेक थर काढायला सुरुवात केली. २०१७मध्ये ते कलादालन म्हणून उघडलं. मी गेले तेव्हा आत जवळजवळ काहीच मांडलेलं नव्हतं. दोन प्रदर्शनांच्या मधले दिवस होते. पांढरा घुमट आणि खाली मोकळी फरशी. एक माणूस खिडकीच्या काचा पुसत होता, हे मी कथा रंगवायला सांगत नाही. खरंच पुसत होता.

जर्मनीतल्या एसेनचं सिनेगॉग १९१३ सालचं. दगडी, किल्ल्यासारखं, १९३८ साली आतून जळलं, पण भिंती उभ्या राहिल्या. १९६१ साली पालिकेने तिथे काय केलं, तर औद्योगिक डिझाइनचं कायमचं प्रदर्शन. जिथे तोराच्या गुंडाळ्या ठेवत ते देवघर तोडून टाकलं, भिंती गुळगुळीत केल्या, आणि नव्या जर्मनीने बनवलेल्या नव्याकोऱ्या वस्तू मांडल्या. इथे कुणी अपमान करायला निघालं नव्हतं. त्या काळाच्या दृष्टीने ती चांगली, स्वच्छ, आधुनिक कल्पनाच होती. खिडक्या तर चकचकीत पुसलेल्या असणार! पण ही इमारत कुणाची होती, याबद्दल आतल्या एकाही वस्तूला काही म्हणायचं नव्हतं. १९७९ साली विजेच्या बिघाडाने आग लागली आणि ते प्रदर्शन बंद पडलं. मग १९८०पासून तिथे स्मृतिस्थळ झालं आणि २०१०पासून ज्यू संस्कृतीचं घर. म्हणजे नुसत्या खिडक्या पुसून भागत नाही. त्या कुणाच्या होत्या, हेही घरात कुणीतरी उच्चारावं लागतं.

प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये तर उच्चारण्याखेरीज दुसरं काहीच नाही. बोहेमिया आणि मोराव्हियातल्या मारल्या गेलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं भिंतींवर हाताने लिहिली आहेत. गावं, आडनावं, जन्मतारखा, शेवटची ज्ञात तारीख. १९५४ ते ५९ या काळात ती लिहिली गेली. १९६८मध्ये ओल चढल्याचं कारण देऊन सिनेगॉग बंद झालं आणि साम्यवादी राजवट जाईपर्यंत बंदच राहिलं. १९९२ ते ९६मध्ये नावं पुन्हा लिहावी लागली. तिथे आत कुणी बोलत नव्हतं. मला मात्र सारखं जाणवत होतं की हा वापरही शेवटी वापरच आहे, आणि त्याचीही किंमत आहे. भिंत नावांनी भरली की तिथे पुन्हा लग्न लागणार नाही, मुलं दंगा करणार नाहीत, कुणी प्रार्थना चुकवून गप्पा मारत बसणार नाही. मेलेल्यांसाठी इमारत कायमची दिली गेली. एका शहरात अशी एक जागा हवीच. सगळ्याच तशा करता येतील का?

लंडनच्या ब्रिक लेनवरची इमारत याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. १७४३ साली फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगनॉट प्रोटेस्टंटांनी ती प्रार्थनाघर म्हणून बांधली. १८१९मध्ये मेथडिस्टांकडे गेली, १८९८मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग झाली, १९७६मध्ये बांगलादेशी मुसलमानांची मशीद. एकाही बदलात रक्त सांडलेलं नाही. आधीचे लोक जरा बऱ्या वस्तीत राहायला गेले, नंतरचे गरीब लोक आले, त्यांनी चार पैसे जमवून घेतली. ते बघून मला पहिल्यांदा हायसं वाटलं, आणि मग कळलं की हायसं वाटण्याचं कारण इमारत नव्हेच. माणसं आपल्या पायांनी चालत गेली की इमारतीचं पुढे काय होतं याने फारसं बिघडत नाही. दुखतं ते माणसं कशी गेली त्यावर.

*

हे मला नवीन नव्हतं. माझ्या आईचं माहेर अलिबागचं. तिच्या लहानपणी इस्रायल आळी भरलेली होती. बेने इस्रायली लोकांना गावात ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. त्यांची आडनावं आपल्यासारखीच गावांवरून : पेणकर, रोहेकर, दिवेकर. नवसाला एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करत; पोहे, नारळ, गूळ, फळं. आईच्या वर्गातली एक मैत्रीण साठच्या दशकात घरच्यांबरोबर इस्रायलला गेली. तिच्याकडून पुढे कितीतरी वर्षं दिमोनाहून मराठीत पत्रं येत असत आणि त्यात तिथल्या उन्हाच्या तक्रारी असत.

अलिबागचं सिनेगॉग अजून आहे. प्रार्थनेला थोडीच कुटुंबं उरली आहेत. एरवी दार बंद. पण हिवाळ्यात इस्रायलहून माणसं येतात, नातवंडांना दाखवतात, हे आजोबांचं घर, ही विहीर, इथे बसून ते प्रार्थना करत. आईला कुणी विचारलं की ती म्हणते, “गेले सगळे.” हेच दोन शब्द व्रोत्सवाफच्या अंगणातल्या फलकाखाली उभं राहून कुणी म्हटले, तर त्यांचा अर्थ किती वेगळा होतो! मराठीत ‘जाणं’ म्हणजे निघून जाणंही आणि मरणंही. अलिबागच्या बंद दाराला पहिला अर्थ पुरतो. तिथे रिकामेपण आहे, पण त्या रिकामेपणाला पत्ता आहे, पत्र टाकता येतं.

ज्यूंच्या सार्वजनिक प्रार्थनेला इमारत लागतच नाही, हे मला खूप उशिरा कळलं. परंपरेने लागतात ती दहा प्रौढ पुरुष माणसं. दहा जमली की कोठारातही प्रार्थना होते. नऊच असली तर संगमरवरी घुमटाखालीही ती पुरी होत नाही. मूर्ती नाही, प्रतिष्ठापना नाही. सिनेगॉग या ग्रीक शब्दाचा अर्थही नुसता ‘एकत्र जमणं’ असा आहे. म्हणून सिनेगॉग रिकामं होतं म्हणजे देव निघून जात नाही. दहावा माणूस निघून जातो. मग उरलेल्या इमारतीत आपण काय मांडावं – चित्रं, पुस्तकं, पियानो, कॉफीची टेबलं – या प्रश्नाला मी मनाशी एक साधी जोड देते. उद्या कुठून तरी दहा माणसं आली आणि त्यांना इथे तासभर उभं राहायचं असलं, तर टेबलं बाजूला सारता येतील का? झिलीनामध्ये सारता येतील. ‘पांढरा करकोचा’मध्ये तर ती माणसं येतातच. पोझ्नानमध्ये तलाव बुजवावा लागला असता.

आणि ते गवत? इमारती जपणारे तज्ज्ञ सांगतात की भिंतीतलं रोप वेळेवर काढा, नाहीतर मुळं दगड फोडतात. खरंच आहे. युक्रेनमधल्या ब्रोदी गावचं अठराव्या शतकातलं किल्ल्यासारखं सिनेगॉग वर्षानुवर्षं तसंच फुटत आलं आहे. पण मिश्नातल्या रब्बींनी गवत राखायला सांगितलं ते इमारतीला मरू द्यावं म्हणून नव्हे. ते दिसलं की गावातल्या माणसांच्या पोटात कालवेल आणि कालवलं की ती पुन्हा बांधायला उठतील, असा हिशेब होता. त्या हिशेबात एक गोष्ट त्यांनी धरलेली नव्हती : गावात गवत बघून वाईट वाटणारं एकही माणूस उरणार नाही, ही. तसं झाल्यावर गवत नुसतं गवत होतं. मग वाईट वाटण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी अंगावर घ्यावं लागतं. ज्याने काही गमावलं नाही अशा कुणाला तरी. झिलीनातल्या स्वयंसेवकांनी ते घेतलं. पोझ्नानच्या भिंतीवर दोन शब्द उमटवणाऱ्याने घेतलं.

व्रोत्सवाफमध्ये दर वर्षी ९ नोव्हेंबरच्या सुमारास संध्याकाळी लोक ‘पांढरा करकोचा’पाशी जमतात आणि तिथून चालत ‘नव्या’ सिनेगॉगच्या जागेपर्यंत जातात. उभ्या असलेल्या इमारतीपासून नसलेल्या इमारतीपर्यंत. फार लांब नाही. तिथे आता एक स्मारक आहे. रस्त्याचं नाव वोंकोव्हा. वोंका म्हणजे कुरण. जर्मन काळातल्या नावाचा अर्थही तोच होता.

गेल्या वर्षी पानीआजींचे गुडघे दुखत होते, त्यामुळे त्या आल्या नाहीत. त्यांनी मुलीच्या हातात काचेच्या झाकणाचा दिवा दिला, इथे थडग्यांवर लावतात तसला, आणि सांगितलं की वाऱ्याकडे पाठ करून लाव. थंडी होती. चालताना मुलीने विचारलं की तिथे किती माणसं मावायची. मी तिला आकडा सांगितला नाही; म्हटलं, आपण पोचलो की तूच बघून अंदाज कर. पोचल्यावर तिने दिवा लावला, दोनदा विझला, तिसऱ्यांदा लागला. मग ती त्या मोकळ्या जागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेली.